पुढच्या चाकाच्या भरवशावर

देवावर श्रद्धा होती, पण ब्रेकवरची बोटं काही उठत नव्हती. परळच्या पुलावरून उतरताना सायकलवरून पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. ते जुळून आलं, डॉक्टरांनी परवानगीही दिली, तरी शर्यतीच्या घोळक्यात शिरले की जीव घाबरा व्हायचा. सायकल शर्यतीत पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर चिकटून राहावं लागतं. मग वारा तो खातो आणि आपण तगतो. मी भीतीने चांगलं दोन हात अंतर सोडायचे, वारा अंगावर घ्यायचे आणि मागे पडायचे. शर्यती अर्ध्यावर सोडून घरी यायला लागले. शेवटी ठरवलं, आणखी एकच शर्यत करायची. जमली नाही तर सायकल विकून टाकायची. बँकेतल्या नोकरीसोबत इतकी वर्षं जपलेला हा माझा एकच हट्ट होता. ठरवताना फार रडू आलं.

शर्यतीच्या पहाटे लालबागच्या खोलीत आप्पांनी, माझ्या वडिलांनी, देवापुढे नारळ ठेवून, कोकणातल्या रिवाजाने, लेकीला सोबत कर असं गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, माज्या चेडवाच्या वांगडा रव रे म्हाराजा." माझा नवरा घाटावरचा, पण "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला. देव काय सायकलवर बसून सोबत येणार, असा कोता विचार माझ्या मनात आला.

शर्यत सुरू झाली आणि नेहमीचंच झालं. वरळीपाशी घोळका हातचा सुटायला लागला. तेवढ्यात पिकल्या दाढीचे एक अनोळखी गृहस्थ बाजूने पुढे आले आणि माझ्यासमोर स्थिरावले. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात खाली गेला, बोट रस्त्याकडे. डावीकडे खड्डा होता. मग उजवा हात गेला. पुढच्याने मागच्याला खड्डा दाखवायचा, ही आमची रीतच आहे. माझं तिच्यावर विसंबणं तेवढं सुटलं होतं. मी रस्ता बघायचं सोडलं आणि तो हात बघत राहिले. वारा लागेनासा झाला. बोटं ब्रेकवरून कधी उठली ते कळलंच नाही. शर्यत घोळक्यासोबतच पूर्ण केली.

नंतर त्यांना शोधून काढलं. गिरगावचे ख्रिस्ती गृहस्थ, गळ्यात क्रूस, केळं खात उभे होते. सगळं सांगताना माझे डोळे भरून आले, तेव्हा ते बिचारे संकोचले.

"मागे कोण आहे ते मी बघितलंच नाही गं बाय," ते म्हणाले. "हात आपोआप जातो."

सायकल विकली नाही. भीती अजूनही येते. तेव्हा मी देवाकडे काही मागत नाही. पुढे कोणीतरी आहे एवढं मानते आणि बोटं सैल सोडते.