गिटारच्या तारेतला करंट

ऋतुराज माइकजवळ तोंड नेऊन "चेक, चेक" म्हणाला आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघालाच नाही. डावा हात गिटारच्या तारांवर, उजवा माइकच्या दांड्यावर, आणि दोन्ही मुठी आवळलेल्या. अंग ताठ. डोळे उघडे. ढोलकीवाल्याला वाटलं, गडी नक्कल करतोय. तो हसला.

नजीरा हसली नाही. ती स्टेजच्या पायरीवर उभी होती. तिनं धावत जाऊन गिटारची केबल रबरावरनं धरली आणि सगळा जोर लावून ओढली. अॅम्प्लिफायरमधनं पिन निसटली. ऋतुराज तोडलेल्या उसासारखा फळ्यांवर आडवा झाला.

"मेन बंद करा! मेन!" ती ओरडली.

बिद्रीच्या अलीकडचं गाव, तरुण मंडळाचा कार्यक्रम, दुपारची साउंड टेस्ट. गिटार नवी कोरी, नजीरानंच ऋतुराजसाठी बनवलेली. आज ती पहिल्यांदा स्टेजवर वाजणार म्हणून नजीरा मुद्दाम कोल्हापूरहून आली होती. मंडळाच्या जीपमध्ये ऋतुराजला घातलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता, पण बोटांची टोकं भाजली होती आणि ओठ पांढरे पडले होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नजीराच्या वडिलांचं, ख्वाजाभाईंचं, लेथचं दुकान. शेतीपंपाचे सुटे भाग करण्यात त्यांची हयात गेली. नजीरा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तिथंच बसू लागली. एकदा ऑर्केस्ट्रातला एक वादक तुटका ब्रिज घेऊन आला. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ज्या धातूच्या पट्टीवर टेकतात, ती पट्टी म्हणजे ब्रिज. तिनं तो पितळेत घडवून दिला. मग दुसरा आला, तिसरा आला. पुढं बेळगाव, पुण्याचे गिटारवाले तिच्याकडनं ब्रिज आणि तारा पिळायच्या खुंट्या मागवू लागले, आणि चंदगडकडनं आणलेल्या फणसाच्या लाकडातनं ती आख्खी गिटार करू लागली. "पोरगी सोयरिकी बघायच्या वयात लाकडं बघत हिंडती," असं नातेवाईक म्हणायचे. ख्वाजाभाई ऐकून घ्यायचे आणि लेथ चालू करायचे.

आता दवाखान्याच्या व्हरांड्यात ऋतुराजचा थोरला भाऊ विश्वजित तिच्या अंगावर आला.

"काय भरलंयस त्या गिटारीत? माझा भाव मेला असता की!"

"मला म्हाईत न्हाय."

"म्हाईत न्हाय? तूच बनवलीस न्हवं?"

"व्हय. म्हणूनच उघडून बघितल्याबिगर बोलत न्हाय."

प्रत्येक गिटारमध्ये ब्रिजपासून आत एक बारीक वायर जाते. ती नसेल तर गिटार नुसती भुणभुणते. ती वायर नजीरानं स्वतः जोडली होती. बरोबर जोडली होती? त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं, फोन वाजत होता. आठवून आठवून तिला खात्री वाटेना.

डॉक्टर बाहेर आले. हृदयाचे ठोके अजून नीट पडत नव्हते. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, म्हणाले.

"चला," नजीरा विश्वजितला म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत उघडायची हाय. माझी चूक निघाली तर तिथंच सगळ्यांच्या म्होरं सांगीन. पण स्टेजवरचं कोण काय हलवायच्या आत गेलं पायजे."

विश्वजितनं मोटरसायकल काढली.

ते पोचले तेव्हा साउंडवाला सम्राट केबली गुंडाळत होता. "कायबी हलवू नगंस," नजीरा लांबूनच ओरडली. तो चिडला, "माझा माल हाय, ताई," म्हणाला. विश्वजित त्याच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. सम्राटनं केबल खाली टाकली.

नजीरानं गिटारचं मागचं झाकण उघडलं आणि मीटर लावलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. वायर जागच्या जागी होती, जोड पक्का होता. मग तिनं मेन चालू करायला लावला आणि अॅम्प्लिफायरच्या लोखंडी अंगाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

मेन बंद करून एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. अर्थिंगची वायर तुटून तिचं टोक फेजला चिकटलं होतं. म्हणजे गिटारच्या तारांत करंट आणि माइक जमिनीला जोडलेला; ऋतुराजनं तो धरला आणि करंट त्याच्या अंगातनं गेला. सम्राटचा चेहरा उतरला. "सकाळी बोर्ड पडलता," तो हळूच म्हणाला. "घाईत जोडला."

विश्वजित खालीच बसला. "म्हंजे तुझी चूक न्हाय."

इथं ती गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं.

"बोर्डाची चूक खरी," नजीरा म्हणाली. "पण करंट अॅम्प्लिफायरमधनं तारांपर्यंत आला, तो माझ्याच वायरीनं. सगळेच तशी जोडत्यात. मी पण जोडली. तो वाटंत अडवायचा एक बारका पार्ट मिळतोय. मी बसवला न्हवता."

विश्वजित उठला आणि म्हणाला, "दवाखान्यात जाऊया. आई एकटीच हाय तिथं."

पहाटे ऋतुराजचे ठोके सुधारले.

मग नजीरानं आधी विकलेल्या सगळ्या गिटारी परत मागवल्या. एकाला फोनवर खरं कारण सांगितलं, तर त्यानं पुढची ऑर्डरच रद्द केली. "सांगायची काय गरज हुती?" तिची चुलती म्हणाली. ख्वाजाभाई मात्र रोज तिच्यासमोर बसून एकेक गिटार उघडू लागले. प्रत्येकीत तिनं तो पार्ट बसवला.

बोटं भरून आल्यावर ऋतुराज दुकानात आला. त्याची गिटार तिनं अॅम्प्लिफायरला जोडली, पण तो हात पुढं करेना. नजीरानं स्वतः एका हातानं तारा धरल्या, दुसरा चाचणीसाठी आणलेल्या माइकवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. ऋतुराजच्या कपाळावर घाम आला.

"बास, ताई. बास," तो म्हणाला, आणि गिटार घेतली.

तो पुन्हा कार्यक्रम करतो, वाजवतो झकास. पण आता गात नाही. त्याच्या वाटणीची कडवी दुसरा कुणी म्हणतो, आणि ऋतुराज माइकपासून चार हात लांब, मान खाली घालून वाजवत असतो. नजीरा समोर बसलेली असते. "गात का न्हाईस?" असं तिनं त्याला अजून विचारलेलं नाही.