मोहिनीच्या खाजणावर

नवऱ्याचं वर्षश्राद्ध उरकलं आणि चौथ्या दिवशी सुलाबाई पहाटेच नाशिकच्या इंदिरानगरहून निघाल्या. मुलाला, रविराजला, त्यांनी सरळ सांगितलं, "मोहिनीकडे जाते. रात्रीच्या जेवणाला घरी असेन." दहा वर्षांत त्या घरात ते नाव कुणी काढलं नव्हतं.

मोहिनी त्यांची थोरली. नाशकात नर्स होती. तिने पालघरकडच्या एका मच्छीमाराशी लग्न केलं, तेव्हा सुलाबाईंनी नवऱ्याला, बहिरूअण्णांना, देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. पोरीचं तोंड पुन्हा बघायचं नाही. अण्णा गरीब स्वभावाचे. हात जोडून मोकळे झाले.

जव्हारपर्यंत एक एसटी, तिथून पालघरची दुसरी, आणि पुढे टमटममध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्यांना खेटून. गावाचं नाव सुलाबाईंनी एकदाच फोनवर ऐकलं होतं, पण ते विसरता आलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी घरच्या फोनवर कुणी बाई गावाचं नाव सांगून बोलली होती, "मोहिनीची छोकरी गेली हो. तापानं. तुम्ही या." सुलाबाईंनी उत्तर न देता फोन ठेवला आणि अण्णांना काही कळू दिलं नाही.

आता काय सांगायचं ते त्यांनी वाटेत तीनदा घोकलं होतं. अण्णांवर ढकलायचं. ते कुठे सांगायला येणार होते?

वाळूच्या लांब दांड्याने समुद्रापासून जवळजवळ तोडलेलं ते खारं पाणी. गावातले त्याला खाजण म्हणत. काठाला तिवरांची दाट झाडी होती. मोहिनी तिथे पर्यटकांना होडीतून फिरवायची. आईला बघून ती दचकली नाही, रडलीही नाही.

"आलीस? बस. ओहोटी लागायच्या आत एक फेरी होईल."

सुलाबाई लुगडं सावरत होडीत बसल्या. मोहिनी बांबू रेटत उभी होती. उन्हाने काळी पडली होती, हात पुरुषासारखे झाले होते.

"तुझ्या बाळाचं मला अण्णांनी कळूच दिलं नाही गं," सुलाबाई म्हणाल्या. "कळलं असतं तर पळत आले असते."

मोहिनीचा बांबू थांबला नाही.

"फोन तू उचलला होतास, आई. शेजारच्या वहिनींनी केला तेव्हा मी बाजूलाच बसले होते. तुझा 'हॅलो' ऐकला मी."

सुलाबाई पाण्याकडे बघू लागल्या.

"अण्णांना मी त्यांच्या मोबाइलवर कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तिला शेवटचं त्यांनीच उचलून नेलं."

"अण्णा? इथं?"

"दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

सटाण्याला भावाकडे जातो, शेत बघून येतो, असं सांगून ते निघायचे. सुलाबाई दर वेळी जावेसाठी लाडवांचा डबा भरून द्यायच्या.

"तुझे लाडू मिळायचे," मोहिनी म्हणाली. "माझ्या पोरीला लय आवडायचे. तुला सांगू नको, अण्णा म्हणायचे. तू दुखावशील म्हणून."

सुलाबाईंना नवऱ्याचा इतका राग आला, की त्या होडीची कड धरून बसल्या. मग तो राग काढायलाही कुणी उरलं नाही, हे लक्षात आलं.

काठावर उतरताना मोहिनीने त्यांना हात दिला आणि लगेच सोडला. "दोनची बस पालघरहून थेट नाशिकला आहे. चुकवू नकोस."

"जेवायलाही थांब म्हणणार नाहीस?"

"आमच्या घरचं पाणी तरी चालेल का तुला?"

सुलाबाईंच्या तोंडून हो निघायला क्षणभर उशीर झाला. तेवढा मोहिनीला पुरला. ती टमटमवाल्याला हाक मारायला निघून गेली.

दिवाळीला सुलाबाईंनी लाडूंचं कुरिअर पाठवलं. ते परत आलं नाही. मोहिनीचा फोनही आला नाही.