वाळूचा पेशंट

आम्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांची शारीरिक चाचणी होणार असं कळलं आणि माझी झोपच उडाली. वाळूचं पोतं बांधलेलं स्ट्रेचर दोघांनी दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं, वाटेत टेकवायचं नाही. जमलं नाही तर गाडीवरून उतरवून बीडला ऑफिसात फोन घ्यायला बसवणार. गाडीवरची डॉक्टर मी, चाळिशी ओलांडलेली, कंबर अधूनमधून धरते, सगळं मान्य. पण फोन घ्यायला? मेले तरी नको! मला माझी घाटनांदूरची गाडी हवी होती आणि ती चालवणारे चाचा हवे होते.

गाडीवर आम्ही दोघंच, त्यामुळे पेशंट उचलायलाही आम्हीच. नातेवाईक लई जमतात, पण एकजण उशी धरतो, दुसरा नुसता मोबाईल. चाचा डोक्याकडे उभे राहायचे, "बिस्मिल्ला" म्हणायचे, की मी उचलायचे. मी बौद्ध घरातली, पण इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या हातांना पाठ झाला होता.

घरी ज्वारीचं पोतं धरून जिना उतरायचा सराव केला. नवरा म्हणाला, "चाचणीआधी तूच ॲडमिट होशील."

"तोंड सांभाळ," म्हटलं. भीती मलाही तीच होती.

चाचणीच्या सकाळी चाचा दुसऱ्याच एका जोडीदारासोबत, बाजारातून पिशवी आणावी तसे पोतं घेऊन उतरले. मलाही दुसऱ्या गाडीवरच्या एका दांडग्या ड्रायव्हरसोबत उभं केलं. मी कुरकुर केली, तर तपासणारे साहेब म्हणाले, "ड्युटी कुणासोबतही लागते, मॅडम. कुणासोबतही उचलता आलं पाहिजे."

ड्रायव्हर म्हणाला, "एक, दोन, तीन," आणि त्याने उचललं. मी दांडे धरून तशीच वाकलेली! अहो, मी चाचांच्या शब्दाची वाट बघत होते. स्ट्रेचर तिरकं झालं, पोतं पट्ट्यांतून निसटून धपकन पडलं.

"पेशंट पडला," साहेब म्हणाले. कुणी हसलंसुद्धा नाही. गेली माझी गाडी, एवढंच डोक्यात आलं.

सगळ्यांचं झाल्यावर अजून एक संधी देतो म्हणाले. मी पायरीवर बसले. चाचा चहा घेऊन आले. "काहून उचललं न्हाई हो?"

"तुम्ही म्हणालाच नाहीत!" मी त्यांच्यावरच ओरडले.

ते आधी बघतच राहिले, मग असे हसले की चहा सांडला. "या खुदा! मॅडम, तेच्यासंगं आधी ठरवून घ्या, कोण म्हणणार अन् काय म्हणणार. वजन तेवढंच हाय."

दुसऱ्या वेळी मी ड्रायव्हरला बजावलं, "डोक्याकडे मी. मी 'उचला' म्हणेन." स्ट्रेचर उचललं गेलं. वळणावर कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. दात आवळून उतरले.

"पास," साहेब म्हणाले.

चाचा त्या ड्रायव्हरला म्हणाले, "बघ बे, आमच्या मॅडम!" घरी जाताना मी सबंध रस्ताभर बडबडत होते.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातून फोन आला. धारूरच्या गाडीला डॉक्टर नाही, उद्यापासून तिकडे जा.

"अहो, पण मी पास झाले की!"

"म्हणूनच तर, मॅडम. तुम्हाला आता कुणीही जोडीदार चालतो."

नापास झाले असते तरी ही गाडी सुटलीच असती, एवढं कळत होतं. तरी त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका. चाचांना सांगितलं, तेव्हा ते फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागले.

"तिकडं घाट हाय," शेवटी म्हणाले. "मागं बसताना धरून बसत जा."

मी तिथेच, गाडीच्या दारात, रडले.