टोप घेतलास का गं?

भिवपुरीच्या वीजघरात कामाला असलेल्या माझ्या थोरल्या भावाचं पिवळं हेल्मेट एका सकाळी वहिनीच्या डोक्यावर दिसलं, आणि घरात एकच गहजब झाला... सत्तरच्या दशकातली गोष्ट.

वहिनी नर्स. सायकलवरून खालापूरकडच्या गावांत बाळंतपणं करायला जायची. आदल्या महिन्यात खडीवर घसरून कपाळाला टाके पडले, तेव्हापासून आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच पालुपद... सायकल बंद, नोकरी बंद. हेल्मेट हे तिचं उत्तर होतं.

आबा ओटीवरून म्हणाले, "सूनबाय, टोप चुलीवर ठेवतात गं. डोक्यावर पदर घेतात."

"पदर आहे की आबा. टोपाच्या आत आहे."

भाषणाची खाज मला तेव्हाही होती. स्त्रीमुक्तीपासून विज्ञानयुगापर्यंत सगळं ऐकवलं. आबांनी शांतपणे पान लावलं.

तेवढ्यात आई विहिरीवरून आली. हंडा उतरवला, डोक्यावरची कापडाची चुंबळ हातात घेतली. "हंड्याखाली आमी चुंबळ घेतो, तवा कुनी इचारत नाय. मंग हिच्या डोक्यानं काय घोडं मारलंय?"

भावाच्या मापाचं हेल्मेट वहिनीच्या डोळ्यांवर घसरायचं. आईने तीच चुंबळ आत बसवली, हनुवटीखाली बांधायला नाडी शिवली. आबांनी पान तोंडात टाकलं आणि वहिनी सायकलवरून निघाली.

पुढे भाताच्या कापणीत बैलगाडीच्या चाकोरीत सायकलचं चाक अडकलं. वहिनी उडाली ती थेट मैलाच्या दगडावर. हेल्मेट तडकलं... तिचं नुसतं कोपर सोललं. तशीच पुढे गेली, बाळंतपण उरकलं आणि मग घरी आली.

आबा ते हेल्मेट बराच वेळ फिरवून बघत होते. तड्यावरून बोट फिरवत होते.

हेल्मेट ट्रक अडवत नाही, मान्य. रस्ते नीट करा, गाड्यांना आवर घाला, यासाठी मी आजही घसा फोडून भांडतो. पण दगडावर आपटायचं ते डोकं आपलंच असतं ना...

भावाने दुसरं हेल्मेट आणलं. आईने त्यात नवी चुंबळ बसवली. वहिनी सायकलवर टांग टाकणार, एवढ्यात ओटीवरून आबांचा आवाज आला...

"सूनबाय, टोप घेतलास का गं?"

आयुष्यात सभा पुष्कळ गाजवल्या. पण हेल्मेटवरचं इतकं चांगलं भाषण मला अजून जमलेलं नाही.