वळणावरचा पाय

पाक सिदेकची गाडी लहानखुरी. पुढची चाकं ओढायची, मागची नुसती पाठोपाठ यायची. पण दर रायाच्या, म्हणजे ईदच्या सणाला बायको रोहाया, तीन पोरं, रेंदांग मटणाची पातेली, लेमांग भाताच्या बांबूच्या नळ्या असं अख्खं बिऱ्हाड तीत कोंबून तो डोंगरापलीकडे राऊबला, सासुरवाडीला जाई. गाडी मागून जमिनीला टेकायची, म्हणून त्याने मागे जाड, कडक स्प्रिंगा घालून घेतल्या. तिकडे सगळेच घालतात. सण सरल्यावर त्या काढायचं मात्र कुणाला सुचत नाही.

आता रोहाया राऊबच्याच मातीत होती आणि पोरं दूरच्या शहरांत. "पुढच्या रायाला नक्की, आयाह," हे त्यांचं बापाला ठरलेलं उत्तर. यंदा सणाआधी तो एकटाच तिची कबर झाडायला निघाला, तर घाटातल्या ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग गर्रकन फिरला. थोडक्यात वाचला. गाडी कशीबशी आह सेंगच्या गॅरेजात आणली.

"पाकचिक, वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात ना?" सेंगने गाडीखालूनच विचारलं.

"उचलला. मग?"

"पाय उचलला की वजन सगळं पुढे जातं. मागे बसायला कुणी नाही, अन् स्प्रिंगा घरभर माणसांच्या! चाक रस्ता धरेल कसं? काढतो त्या. मऊ घालतो."

"राहू दे. पोरं येतील रायाला."

"दरवर्षी हेच! पोरं यायच्या आधी तुम्हीच वर पोचाल. अशी गाडी मी देणार नाही. आणि वळणात पाय उचलता कशाला?"

"सवय," सिदेक पुटपुटला.

खरं तर त्या वळणावर रोहाया दरवेळी किंचाळायची, "अहो हळू! मारताय का आम्हाला?" आणि त्याचा पाय आपसूक उठायचा. भरल्या गाडीत ते खपून जाई. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली ती आणि खोड राहिली याची. हे सेंगला कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याने तिथूनच थोरल्या लेकीला फोन लावला.

"या वर्षी नाही हो जमत, आयाह. सुट्टीच नाही."

फोन खिशात टाकून तो म्हणाला, "काढ."

रायाच्या सकाळी नमाज आटोपून तो निघाला. सेंगने बजावल्याप्रमाणे वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी केला, वळणात पाय हलवला नाही. गाडी गुमान वळली. पुढे सरळ रस्ता लागला तसं त्याला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने रोहायाला ओरडायला काही ठेवलं नव्हतं.