तात्या आणि अडकलेली सीडी

तात्यांना कुणी ‘लवकर करा’ म्हटलं की ते हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचे. ठेवायचे म्हणजे फडक्यावर, मूठ आपल्याकडे करून, नीट. मग चष्मा पुसायचे. निघोजे गावातल्या आमच्या कंपनीत मेंटेनन्सला ते एकटेच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलवायची सोय नव्हती. अख्खं काम खोळंबलेलं आणि हे चष्मा पुसतायत. मी दात आवळून उभी राहायचे.

दुसरी खोड प्रश्नाची. मशीन बंद पडलं की ते मशीनकडे न बघता आधी माणसाकडे बघायचे. “बंद पडायच्या आधी काय केलं व्हतं?” ‘काही नाही’ हे उत्तर चालायचं नाही. “काय न्हाई करून कुटं मशीन बंद पडतंय व्हय? आठव.” साहेबांनाही हेच. पोरं मागून त्यांना पोलीस म्हणायची.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन मोशीला आले आणि कंपनीत पॅकिंगला लागले. चार वर्षं खोकी चिकटवल्यावर साहेबांनी मला तपासणीच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसवलं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “जपून गं, काई मोडू नको.” तेव्हापासून प्रत्येक बटण दाबताना तिचं ते वाक्य आठवायचं. तिथलं मोजमापाचं मशीन जुनं होतं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सीडी असल्याशिवाय प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही, आणि तशी सीडी एकच होती.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली. माझ्या कॉम्प्युटरची मी केली. पडद्याला, कीबोर्डला हळदकुंकू लावलं. मग वाटलं, खरं काम तर सीडीच करते. ट्रे उघडून तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, ओल्या अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि ट्रे आत ढकलला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, बटण दाबलं. आतून खर्रर्र झालं आणि सगळं थांबलं. ट्रेचं बटण दहादा दाबलं, उघडेना. तपासायचा माल साचत चाललेला, न्यायला आलेली गाडी दारात उभी. अक्षता लगेच आठवल्या होत्या, पण सांगायची हिंमत होईना.

तात्या आले. “काय केलं व्हतं?”

“काहीच नाही, तात्या.”

“आठव.”

“फक्त बटण दाबलं. तुम्ही लवकर काढा ना.”

स्क्रूड्रायव्हर फडक्यावर. चष्मा हातात. मला रडू यायचंच बाकी होतं.

सावकाश त्यांनी वीज बंद केली, एक यू-पिन सरळ केली आणि ट्रेखालच्या बारीक भोकात घातली. ट्रे बोटभर बाहेर आला आणि अडला. आत ढकलला, परत काढला, पुन्हा तिथंच. तासभर हेच चाललं. मधूनच मान न वळवता विचारायचे, “नक्की काय न्हाई ना केलं?” आणि मी दरवेळी नाही म्हणायचे. आधी त्यांचा राग येत होता, मग स्वतःचा यायला लागला. साहेब तिसऱ्यांदा दारात येऊन म्हणाले, “तात्या, आज होईल का?” तेव्हा तात्यांचाही धीर सुटला असावा. “आत काय न्हाई म्हणतीस, तर वढतो आता,” म्हणत त्यांनी पक्कड उचलली.

ट्रे ओढला असता तर सीडी मोडली असती, आणि तात्यांनी मोडली असं सगळ्यांनी म्हटलं असतं. माझं नाव कुठंच आलं नसतं. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं आणि त्याचीच भीती वाटली. मी त्यांचं मनगट धरलं.

“ओढू नका. आत तांदूळ हायेत. पूजेचे.”

ते हसले नाहीत. “सकाळी बोलली असतीस तर आत्तापतुर जेवाय बसलो असतो,” एवढंच म्हणाले. चार स्क्रू काढून झाकण उचललं. वाळलेले दाणे ट्रेच्या दात्यांत रुतले होते. चिमट्यानं एकेक वेचला. सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली, आणि प्रोग्राम सुरू झाला.

“आता सायेबाला तूच सांग,” म्हणून मला पुढं घातलं. मी सांगितलं. साहेब म्हणाले, “उद्यापासून परत पॅकिंगला.”

तात्या हत्यारं आवरत होते. “सायेब, एवढ्या कामाची सीडी आन तिची कॉपी न्हाई, ही चूक तुमची आन माझी. मग तिघंबी जाऊ की पॅकिंगला.”

साहेब निघून गेले. संध्याकाळच्या आत कॉपी निघाली आणि मी खुर्चीवर राहिले.

म्हणून तात्यांचा राग यायचा थांबला असं नाही. ते रिटायर झाले त्या दिवशी आभार मानायचे ठरवून गेले होते, तर हे नव्या माणसाला नट-बोल्टचे पाने कुठल्या क्रमानं टांगायचे ते समजावत बसलेले. ते संपेचना. मी ताटकळले आणि शेवटी बस चुकेल म्हणून निघाले.

गेल्या वर्षी तात्या गेले. घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं विचारलं, “कंपनीतल्या का तुमी?”

“हो. तपासणीतली.”

“मग मामांचा हात धरला त्या तुमीच. लई सांगायचे. म्हनायचे, मी घाईनं सीडी मोडनार व्हतो, एका पोरीनं हात धरला म्हनून अब्रू ऱ्हायली.”

पुढं काही म्हणेल म्हणून मी थांबले. ती चहा ठेवायला उठली. तांदळाचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

मग मी सांगितलं.