चंद्रीतून चंद्रीच वजा करायची!

दोन घरांना मिळून एकच भिंत असली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, ते आपोआप कानात येऊन पडतात! चिखलीत आमच्या घराला लागून मथुराबाईंचं घर. त्यांची सून कुसुम बी.एड.ला बसलेली, आणि स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात एकदा आपटलेली. मथुराबाईंनी बजावलंच होतं, "अवंदा नापास झाली तं पुस्तकं माळ्यावर!" मग अकोल्याला शेतकी कॉलेजात शिकणारा तिचा दीर विनायक सुट्टीत तिला शिकवायला बसला. मी सातवीच शिकलेली, पण कान एम.ए.!

*

पहिल्याच दिवशी विनायक सांगत होता, "वहिनी, शिकवणीच्या आधीचे मार्क न् नंतरचे मार्क. ज्याचे त्याच्याशीच ताडून पाहाचे. गण्याचे गण्याशी, सखूचे सखूशी."

मला राहवलं नाही. अंगणातूनच ओरडले, "मंग मथुराबाई कुसुमले माह्या सुनेशी काऊन ताडून राह्यल्या?"

आतून मथुराबाई म्हणाल्या, "तुमचं दूध उतू जाऊन राह्यलं, ते पाहा आधी!"

खरंच गेलं होतं!

*

पुस्तकातले आकडे कुसुमच्या डोक्यात शिरेनात. म्हटलं, "माह्या सहा बकऱ्या घ्या!" सरकीची ढेप चारायच्या आधी वजन, महिन्यानं पुन्हा वजन. अडत्याच्या काट्यावर चंद्रीपासून सुरुवात करून एकेकीला पोत्यात घालून टांगलं. अडत्या भडकला, "काकू, ही अडत हाय का बाळंतपणाचा दवाखाना?"

*

वजनांच्या याद्या मी लिहिल्या. नीटस दिसाव्या म्हणून दोन्हीकडे हलकीपासून भारीपर्यंत ओळीनं!

विनायकनं कपाळावर हात मारला. "काकू, नावं कुठं हायेत? जोड्याच मोडल्या तुम्ही!"

"मले काय मालूम? वाणी मापं अशीच मांडते!"

कुसुम मात्र टुणकन उठली. "भाऊजी, आता समजलं! चंद्रीतून चंद्रीच वजा करायची!"

नशीब, बकऱ्या माझ्या. कोणाचं वजन किती, तोंडपाठ!

*

"सरासरी वाढली! ढेपेचा गुण!" मी नाचायलाच लागले.

विनायक म्हणाला, "थांबा. साऱ्या सारख्याच वाढल्या असत्या तं टी, म्हंजे फरक खरा का योगायोग ते सांगणारा आकडा, मोठा आला असता. इथं एकटी चंद्री फुगली, बाकीच्या होत्या तिथंच. फरक किती विस्कटले तेही पाहा लागते."

"पण चंद्रीच काऊन?"

मथुराबाई दारात आल्या. "गाभण हाय ते! सहा हप्त्यांपासून दिसून राह्यलं मले!"

*

कुसुम पास झाली बरं का! पण खरी गंमत पेपरच्या दिवशीची. एस.टी.तून उतरून आली ती थेट ओट्यावर, आमच्यात.

"बारा पोरांचे आधीचे मार्क दिले होते, न् नंतरचे अकराचेच! सारे मान खाली घालून वजाबाकी करून राह्यले होते. मी उभी राह्यली. म्हटलं, सर, मधुकरचे नंतरचे मार्क नाहीत, त्याची जोडी कशी लावू?"

"मंग?" विनायक पुढं सरकला.

"सर म्हणाले, त्याले सोडा, अकरांवर करा. केलं! टी चांगला मोठा आला भाऊजी!"

विनायकनं टाळ्या वाजवल्या, मी साखर आणायला धावले. मथुराबाईंनी मात्र तोंडाला पदर लावला. मग हळूच कुसुमजवळ सरकल्या.

"ते ठीक हाय माय. पण त्या मधुकरनं शाळा काऊन सोडली?"